सुतकातला उत्सव

मंगळवारी सकाळी बाबा वारले. पुढच्या मंगळवारी गावचा कलाउत्सव सुरू व्हायचा होता.

महाराष्ट्र राज्य व्हायच्या आधीची ही गोष्ट. आमचा भाग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होता. मालवणहून दिवसातून दोनदा एस.टी. येई आणि तिठ्यावर माणसं उतरवून पुढे जाई. बाबा गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मी मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत शिकवायला लागले होते. घरात आम्ही चौघं होतो. आई, बाबा, मी आणि बाबांचे धाकटे भाऊ, ज्यांना मी काका म्हणे. काकांनी लग्न केलं नव्हतं. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी काकांनी दिला आणि दहा दिवसांची क्रिया त्यांनी धरली.

उत्सव बाबांनी सुरू केला तेव्हा मी नववीत होते. माघात पाच दिवस तो शाळेच्या इमारतीत भरे. पहिल्या दिवशी दुपारी रांगोळ्या आणि चित्रं, दुसऱ्या दिवशी भजनं, तिसऱ्या दिवशी बायकांच्या फुगड्या, मग एकांकिका आणि शेवटी दशावतार. चित्रं गोणपाटावर टाचण्यांनी लावलेली असत. बक्षीस कोणालाच नसे. बाबा प्रत्येक चित्रासमोर बराच वेळ उभे राहत आणि खाली पट्टीवर एक ओळ लिहीत. ‘ही होडी आत्ताच किनाऱ्याला लागली आहे.’ ‘इथे पाऊस थांबून थोडाच वेळ झाला असावा.’ चित्र काढणारा ती ओळ वाचायला दहादा येऊन जाई. उत्सवाच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. पत्रं, याद्या, कार्यक्रमाच्या प्रती. मला चार माणसांत बोलायला जमत नसे. लिहायला जमे.

बाबा गेल्यावर पहिले दोन दिवस मी काय केलं ते मला आठवत नाही. आईने सांगितलं तिथे बसले असेन. फोडणी नसलेलं जेवण आठवतं, आणि ज्या जागी त्यांना ठेवलं होतं तिथे तेवत असलेला दिवा. त्यात तेल घालायचं काम माझं होतं.

तिसऱ्या दिवशी उत्सवाचे अध्यक्ष भेटायला आले. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान होतं. सोबत चिटणीस होते, जे गावचे पोस्टमन होते. सुतकाच्या घरात शिवाशिव नको म्हणून दोघे खळ्यातच, म्हणजे पुढच्या अंगणात, उभे राहिले. आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मी दारात होते. मग अध्यक्षांनी सभेत बोलतात तसा घसा साफ केला.

“कुटुंबीयांच्या भावना लक्षात घेऊन यंदाचा उत्सव स्थगित करण्यात आलेला आहे.”

मी विचारलं, “कोणत्या कुटुंबीयांच्या?”

ते गडबडले. “म्हणजे काय? तुमच्याच गो.”

“आमका कोणी इचारूक नाय.”

“अगो, सुतकातल्या घरात येवन उत्सवाचा कसा इचारूचा? लोक माका काय म्हणतले? पुढच्या वर्षी करूया. दणक्यात करूया.”

ते मनापासून बोलत होते. त्यांना बाबांबद्दल आदर होता आणि आदर दाखवायची ही एकच रीत त्यांना ठाऊक होती. पण शेजारच्या गावातलं भजनी मंडळ असंच एका मृत्यूसाठी एक वर्ष थांबलं होतं. चार वर्षं झाली, ते अजून थांबलेलंच होतं. मृदंगाला वाळवी लागली होती. हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट दिसलं की माझा आवाज मलाच मोठा वाटला.

“पुढच्या वर्षी होवचो नाय,” मी म्हटलं. “व्हयो तर ह्याच मंगळवारी.”

आठवडा पुढे ढकलणंही शक्य नव्हतं. शाळेची इमारत त्या पाच दिवसांपुरतीच मिळे. नंतर परीक्षांची बाकं लागत. दशावताराच्या कंपनीला जत्रांमधून तेवढाच एक दिवस मोकळा होता.

“पण माणसां खंय आसत?” अध्यक्ष हात पसरून म्हणाले. “तुमच्या भावकीची चवदा घरां सुतकात. तबलो तुमच्या भावकीत, पेटी तुमच्या भावकीत, फुगडेकरणी तुमच्याच. उरलंय कोण? मी. माका गावक येता काय?”

पोस्टमन जमिनीकडे बघत म्हणाले, “खुर्चेर बसाक येता मा? मगे झाला. अर्धो उत्सव तोच.”

आईच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

मी आत जाऊन बाबांची वही आणली. उत्सवाच्या आधी महिनाभर ते गावातून फिरत आणि कोणाला काय येतं ते तिच्यात टिपून ठेवत. बोलावलेल्यांची यादी पुढच्या पानांवर होती. मागच्या पानांवर अजून न बोलावलेल्यांची. मी ती पानं काढून पोस्टमनांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला, तोच अध्यक्ष ओरडले.

“शिवा नको! सुतकातलो कागद आसा तो.”

“सुतकातल्या घरची पत्रां रोज माझ्या हातातसून जातत,” पोस्टमन म्हणाले. “ती काय मी चिमट्यान धरतंय?”

“तां सरकारी काम.”

“म्हणजे सरकाराक सुतक नाय?”

कागदाला विटाळ असतो की नसतो यावर त्या दोघांचं एकमत होईना. आईला विचारलं तर ती म्हणाली, “माका नको इचारू, तुमका भिया वाटता तर शिवा नको.” शेवटी मी ओट्याच्या कडेला बसून वाचायचं आणि त्यांनी खळ्यात उभं राहून लिहून घ्यायचं असं ठरलं. पोस्टमनांनी तारेचा एक फॉर्म काढून त्याची कोरी पाठ तळहातावर धरली.

ज्यांचं कधी नाव पुढे आलं नव्हतं अशी माणसं मी वाचत गेले. तबल्याला बाजारातला सोनार. बाबांनी लिहिलं होतं, ‘भजनाला मागे बसतो. मांडीवर बोटं चालू असतात, ती चुकत नाहीत.’ पेटीला सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, ज्या आपल्या चर्चमध्ये वाजवत. फुगड्यांना किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासळीचं मोठं जाळं, ओढणाऱ्या रापणकरांच्या बायका. त्यांच्यापुढे बाबांनी एवढंच लिहिलं होतं, ‘यांना विचारायचं आपल्याकडून राहिलं.’

“रापणकरणी शाळेत येवन फुगडी घालतले?” अध्यक्षांनी विचारलं.

“इचारलास कधी?” मी म्हटलं.

त्यांनी विचारलं नव्हतं. पोस्टमनांनी लिहून घेतलं. त्या एका दुपारी मी गेल्या बावीस वर्षांत बोलले नसेन इतकं बोलले, आणि तेही ओरडून, कारण मधे अर्धं अंगण होतं. शेजारची माणसं कुंपणाशी येऊन ऐकत होती. बाप जाऊन तीन दिवस झालेत आणि ही नाटकाची यादी वाचते आहे, असं त्यांच्यातलं कोणी म्हटलंही असेल. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही.

जाताना अध्यक्ष फाटकापाशी वळले. “सगळा झाला. पण गाऱ्हाणां कोण घालतलो?”

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाण्याशिवाय उभं राहत नाही. देवाला मोठ्याने हाक मारायची, गावातल्या सगळ्या देवांची नावं क्रमाने घ्यायची, काम तडीला ने म्हणायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला ‘होय महाराजा’ म्हणायचं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा होता आणि तोच शाळेतल्या उत्सवातही चालत आला होता. दर वर्षी गाऱ्हाणं काका घालत. त्यांना चित्रांत आणि एकांकिकांत रस नव्हता. मास्तराचे पोरखेळ, म्हणत. पण गाऱ्हाण्याच्या दिवशी धोतर आदल्या रात्री घडी करून उशीखाली ठेवत. आता ते क्रिया धरून बसले होते. भावकीतल्या दुसऱ्या कोणालाही सुतकात तोंडाने देवाचं नाव काढता आलं नसतं.

गावात गाऱ्हाणं येणारं आणखी एकच घर होतं, वरच्या वाडीचं. आजोबांच्या काळात त्यांनी या मानावर दावा सांगितला होता. तो फेटाळला गेला. तेव्हापासून त्या घराशी आमचा पानसुपारीचा व्यवहार नव्हता. तिथल्या म्हाताऱ्यांना मी रस्त्यात ओळखत असे, बोलत नसे.

काका मागच्या पडवीत घोंगडीवर एकटे बसले होते. खळ्यातलं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मी तीन हात लांब बसले.

“वरच्या वाडीच्या म्हाताऱ्याक येता,” मी म्हटलं.

“तेका?” त्यांनी मान वर केली. “एकदा तेच्या तोंडात गेला की परत येवचा नाय. आजोबांनी हो मान कसो राखलो, तां तुका म्हायत आसा?”

“म्हायत आसा.”

“मगे?”

“मगे मान ऱ्हवतलो आणि उत्सव जातलो. ह्यातला काय व्हया तां तुम्ही सांगा.”

“मास्तराचा चेडू मास्तरासारख्याच बोलता,” ते म्हणाले. ही स्तुती नव्हती. त्यांनी घोंगडीचं टोक सरळ केलं. मग म्हणाले, “जाव दे. पण तेका सांगूक मी जावचो नाय.”

“सुतकात तुम्ही जावच शकत नाय.”

“तां बरा आसा,” काका म्हणाले.

निरोप पोस्टमनांनी नेला. म्हाताऱ्यांनी दोनदा विचारलं म्हणे, की आमच्या घरून कोणी तोंडाने सांगितलं का. मग हो म्हणाले.

मंगळवार आला. आमचा आठवा दिवस. शाळा आमच्या घरापासून शेतांपलीकडे. तिच्या आवारातल्या आंब्यावर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधला होता. दुपारी वारा समुद्राकडून येई तेव्हा आवाज आमच्याकडे नीट पोचे, मधेच तुटे. चार वाजायच्या सुमारास खरखर झाली. आई सुपात तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

काकांचा आवाज भरदार होता. हा बारीक, म्हातारा, प्रत्येक वाक्यामागे श्वास घेणारा आवाज होता. “बा देवा महाराजा, आज गावच्या लेकरांनी ह्यो जो कलेचो उत्सव मांडलेलो आसा, तेका यश दी रे महाराजा.” मागून शेकडो माणसं म्हणाली, “होय महाराजा.” “जे कोण आज हयसर येवक पावले नाय, तेंकाय तुझ्या नदरेखाली ठेव रे महाराजा.” “होय महाराजा.” हे वाक्य काकांच्या गाऱ्हाण्यात कधी नव्हतं. आईने पदर तोंडाला लावला. सूप तिच्या मांडीवरून कललं आणि तांदूळ ओट्यावर सांडले. ते आम्ही दोघींनी मग एकेक करून वेचले.

मागून काकांचा आवाज आला. “शिवेवरल्याक इसारलो.”

मी पडवीत गेले. ते बोटं मोजत होते. गावाच्या शिवेवरच्या देवाचं नाव गाऱ्हाण्यात चौथं येतं. म्हाताऱ्यांनी तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर उडी मारली होती. मी इतकं नीट ऐकलं नव्हतं. काकांनी एकही शब्द सोडला नव्हता.

“अर्धवट गाऱ्हाण्यार उत्सव चलाचो नाय,” ते म्हणाले. “पोस्टमन इलो काय अध्यक्षाक निरोप धाड. आत्ताच्या आत्ता थांबवा म्हणान सांग.”

रीतीप्रमाणे ते बरोबर होते. हा निरोप शाळेत पोचला असता तर तासाभरात शाळा रिकामी झाली असती. शिवेवरचा देव राहिला म्हटल्यावर कोणत्या आईने मुलाला तिथे थांबू दिलं असतं? आणि मानही आमच्याकडे परत आला असता, तो पुन्हा कोणी मागितला नसता. हे काकांना माझ्याआधी कळलेलं होतं. त्यांचा चेहरा आठ दिवसांत पहिल्यांदा जिवंत दिसत होता, आणि ते पाहून मला त्यांचा राग आला, आणि कीवही.

“काका,” मी म्हटलं, “ह्या वर्षी बंद पडलो, तर पुढच्या वर्षी तुम्ही गाऱ्हाणां कसल्यार घालतलास?”

त्यांनी मोजती बोटं मिटली.

“मान परत येतलो. ठेवतलास खंय?”

“तू जा हयसून,” ते म्हणाले. मी गेले नाही. तिथेच जमिनीवर बसून राहिले. शेतांवरून मुलांचा गलका येत होता. वर्गांची दारं उघडली असावीत. माणसं आता चित्रांसमोरून रांगेने जात असतील. यंदा खाली ओळी कोण लिहीत असेल, असं मनात आलं. बाबा गेल्याचं मला तेव्हा खरोखर कळलं. स्मशानाकडे नेताना कळलं नव्हतं.

पाचच्या सुमारास पोस्टमन सायकल फाटकाला टेकवून मागच्या बाजूला आले. घामाने भिजलेले, पण खूष.

“गर्दी मावना नाय,” ते लांबूनच सांगू लागले. “अध्यक्षांनी सगळ्या चित्रांखाली ‘उत्तम’ लिवल्यानी. एक बैल कोणीतरी उलटो टांगलेलो आसा, पाय वर. तेच्याखालीय ‘उत्तम’!”

काकांच्या नाकातून हवा बाहेर पडली. ते हसले होते असं मी म्हणेन. मग त्यांनी पोस्टमनांना जवळ, म्हणजे तीन हातांवर, बोलावलं.

“वरच्या वाडीच्या म्हाताऱ्याक सांग. उद्या सकाळी भजनाच्या आधी एक नारळ ठेव नि शिवेवरल्याचा नाव घी. ऱ्हवला म्हणान सांग. चुकला म्हणान सांगू नको. चार लोकांत तर नकोच.”

“तुमी सांगितलास म्हणान सांगू?”

“आणि कोण सांगतलो? तेका कळतला.”

बुधवारी सकाळी कर्ण्यावरून तोच बारीक आवाज आला. एक नारळ, एक नाव, एक ‘होय महाराजा’. मग सोनाराचा तबला सुरू झाला. सुरुवातीला फार जलद वाजवला त्याने. नर्सबाईंच्या पेटीने त्याला हळूहळू ताब्यात घेतलं. गुरुवारी रापणकरांच्या बायकांच्या फुगड्यांचा जमिनीवरचा दणका आमच्या घरापर्यंत ऐकू आल्यासारखा वाटला, पण ती कल्पनाच असेल. एवढ्या लांब तो येणं शक्य नव्हतं. उत्सव पाचही दिवस झाला. शेवटच्या दिवशी आमचं बारावं होतं. वरच्या वाडीचे म्हातारे जेवायला आले, पंगतीच्या शेवटी बसले आणि काकांशी न बोलता उठून गेले. हात मात्र आमच्याच विहिरीवर धुतले.

पुढच्या माघात शाळेचं आवार भरलं तेव्हा काका धुतलेल्या धोतरात पुढे उभे होते. म्हातारेही आले होते, पिशवीत नारळ घेऊन. अध्यक्ष एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. घामाने त्यांची टोपी ओली झाली होती. काका एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, “घाल. आवाज मोठो काढ. मागच्यांक आयकाक येवक व्हया.”

भावकीने त्यांना ते कधी माफ केलं नाही. मलाही नाही. चौदा घरांपैकी पाच घरांनी उत्सवाला येणं सोडलं. लग्नकार्यात बायका मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, “हिच्यान मान घालवल्यान.” ते खरंच होतं, आणि मी ते जाणून केलं होतं. दर वर्षी काका पहिल्या रांगेत बसत. गाऱ्हाणं चालू असताना त्यांची बोटं मोजत असत.

त्यानंतरची सगळी वर्षं मी उत्सवाचं काम केलं. आधी चिटणीस म्हणून, पोस्टमनांची बदली झाल्यावर. मग बरीच वर्षं काहीच पद नसताना. उभं राहून बोलायला मला पुढेही फारसं जमलं नाही. पण कोणी ‘यंदा राहू दे’ म्हटलं, की मला बोलता येतं. पूर आला त्या वर्षी, शाळेचं छप्पर उडालं त्या वर्षी, युद्धाच्या वर्षी दिवे बंद ठेवायचे होते तेव्हा. दर वेळी कारण खरंच असे, आणि दर वेळी मला पुन्हा सगळं पटवून द्यावं लागे.

आता काका नाहीत, आई नाही. उत्सव पाचाऐवजी तीन दिवसांचा झाला आहे, पण अजून माघातच भरतो. गाऱ्हाणं वरच्या वाडीकडे आहे. त्या म्हाताऱ्यांचा नातू घालतो.